बोटीचं नाक खालीच येत नाही? ट्रिम टॅब निवडण्याआधीची तपासणी

लहान पॉवरबोटीला कोणते ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या कडेला लावून नाक खाली आणणाऱ्या हलत्या प्लेट) घ्यावेत, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: बोट नेमकं काय करते? उत्तर बहुतेक वेळा "नीट चालत नाही" एवढंच येतं. मग बिल्जचं, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या जागेचं, झाकण उघडतो, इंजिनाचा कोन ठरवणारी पिन बघतो, आणि अर्ध्याअधिक वेळा टॅबचा विषय तिथेच संपतो. उरलेल्या वेळी टॅब खरोखरच लागतात, पण मग ते किती मोठे हवेत हेही याच तपासणीतून कळतं. म्हणून क्रम सोडू नका.

लक्षणं

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: थ्रॉटल पुढे ढकललं की नाक आभाळाकडे जातं आणि तिथेच राहतं. समोरचं पाणी दिसेनासं होतं, आणि बोट स्वतःच केलेल्या लाटेच्या चढावर बराच वेळ अडकून बसते. मग कधीतरी ती सपाट होऊन पाण्यावरून सरकायला लागते, म्हणजे प्लेनवर येते.

दुसरी तक्रार पॉरपॉइझिंगची. बोट प्लेनवर आहे, पाणी शांत आहे, तरी नाक एका तालात वर-खाली, वर-खाली होत राहतं. वेग वाढवाल तसा ताल वाढतो. हे सुरू झालं की थ्रॉटल आधी मागे घ्या, कारणं नंतर शोधा.

तिसरी, बोट एका कुशीवर झुकते. ती नेहमी त्याच कुशीवर झुकते की वारा बदलला की कूस बदलते, हे नीट आठवून सांगा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

चौथी जरा कमी लक्षात येते: वेग थोडा कमी केला की बोट प्लेनवरून धपकन खाली बसते. बारा-तेरा नॉटला ती टिकतच नाही, एक तर धावते नाही तर रांगते. खवळलेल्या पाण्यात मधला वेगच हवा असतो, म्हणून ही तक्रार मला पहिल्या तक्रारीइतकीच गंभीर वाटते.

आणि एक लक्षण या यादीबाहेरचं. पूर्ण वेगाला बोट डाव्या-उजव्या कुशीवर आलटून-पालटून डोलायला लागते आणि डोल वाढत जातो. याला चाइन वॉकिंग म्हणतात. हे दिसलं तर पुढचं वाचण्याआधी शेवटाकडचा "इथे थांबा" हा भाग वाचा.

एका फेरीत एवढं लिहून ठेवा: माणसं किती आणि कुठे बसली होती, टाकी किती भरली होती, वारा कोणत्या बाजूने होता, कोणत्या वेगाला आणि किती आरपीएमला लक्षण आलं. आठवणीवर विसंबू नका. पाण्यावरून परतलेला माणूस वेग नेहमी वाढवूनच सांगतो, मीही सांगतो.

बिल्ज आणि वजन

याला खर्च शून्य, म्हणून इथून सुरुवात. बिल्ज कोरडं आहे का बघा. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे साठ लिटर पाणी राहिलं तर एक माणूस फुकट फिरवताय. शिवाय हा माणूस जागेवर बसत नाही. नाक वर गेलं की तो धावत मागे येतो, मागचा भाग आणखी दबतो, नाक आणखी वर जातं. थांबलेल्या बोटीत निरुपद्रवी दिसणारं पाणी धावत्या बोटीत सगळ्यात वाईट जागी जमतं ते असं.

मग बाकी सामान. बॅटऱ्या, नांगर, साखळी, पाण्याचे कॅन, जादा इंधन, हे सगळं हाताला सोपं म्हणून मागे जमत जातं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असलं तरी शंभर लिटरचे साधारण पंचाहत्तर किलो होतात. टाकी मागे असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या टाकीची बोट म्हणजे दोन वेगळ्या बोटी. जुनं टू-स्ट्रोक इंजिन काढून फोर-स्ट्रोक बसवलं असेल तर तेही सांगा. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बहुधा जड असतं, आणि ते वजन थेट ट्रान्समवर, म्हणजे मागच्या आडव्या भिंतीवर लटकतं. "परवापर्यंत बरी चालत होती" या वाक्याच्या मागे बऱ्याचदा नवं इंजिन निघतं.

आता खरी चाचणी. शांत पाण्यात, मागे बसलेल्या एका माणसाला बोट थांबवून पुढे आणा. त्याला खाली, धरायला जागा असेल अशा ठिकाणी बसवा. नाकावर उभं करू नका. मग तोच वेग, तेच थ्रॉटल. लक्षण गेलं किंवा अर्धं झालं, तर दोष वजनाच्या जागेचा आहे. तेवढं सामान कायमचं पुढे हलवता येत असेल तर हलवा. हलवता येत नसेल तर टॅबचा विचार करा. एका माणसाने फरक पडत असेल तर टॅबने नक्की पडेल. चार माणसं पुढे आणूनही पडत नसेल, तर टॅब त्या रोगाचं औषध नाही.

झुकण्याचंही असंच. मागून पाहिलं तर बहुतेक एकट्या इंजिनांचा प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि त्याची प्रतिक्रिया बोटीला उलट दिशेने पिळते. म्हणजे डावी कूस दबते. चालवणारा उजवीकडे बसला तर त्याचं वजन हा पीळ काहीसं मारतं. चालवणारा एकटा आणि वजनदार असेल, बॅटरीही त्याच बाजूला असेल, तर हिशोब उलटा फिरून उजवी दबते. बॅटरी समोरच्या कुशीला नेल्यावर प्रश्न मिटलेल्या बोटी मी बऱ्याच पाहिल्यात.

वाऱ्याप्रमाणे कूस बदलत असेल तर बोटीत दोष शोधू नका. आडवा वारा बोटीला ढकलतो, तुम्ही नकळत सुकाणू वाऱ्याकडे धरून ठेवता, आणि व्ही आकाराच्या तळाची बोट वळणात जशी आत झुकते तशी वाऱ्याच्या बाजूला झुकते. चमत्कारिक वाटतं, पण बोट वाऱ्याकडेच झुकते. हा झोक काढायला मात्र दोन वेगळे चालणारे टॅब हाच उपाय आहे.

इंजिनाचा कोन

इथे नवशिका सगळ्यात जास्त चुकतो. आउटबोर्डचा, म्हणजे ट्रान्समवर बाहेरून लटकणाऱ्या इंजिनाचा, खालचा पाय ट्रान्समपासून लांब गेला की नाक वर जातं, जवळ आला की नाक खाली येतं. प्लेनवर येताना पाय पूर्ण आत हवा. प्लेनवर आल्यावर तो हळूहळू बाहेर काढायचा, वेग थोडा वाढतो आणि सुकाणू हलकं होतं. नाक नाचायला लागलं की जास्त झालं, थोडा परत आत. पॉरपॉइझिंगचं सगळ्यात साधं कारण हेच आहे.

बटणाने हलणारं ट्रिम नसेल तर ब्रॅकेटच्या खाली भोकांची रांग आणि एक पिन असते. इंजिन बंद करून, किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून, पिन एक भोक आत सरकवा. एका वेळी एकच, आणि दर वेळी फेरी मारून बघा. पिन सगळ्यात आत नेली तर नाक इतकं दबतं की वळणात बोट नाकावर फिरायला बघते, सुकाणूही एका बाजूला ओढतं.

जाता जाता एक घोळ मिटवतो. आउटबोर्डच्या प्रोपेलरच्या वर, आडव्या प्लेटच्या खाली, एक छोटा पंख (फिन) असतो. त्यालाही ट्रिम टॅबच म्हणतात. तो सुकाणूची ओढ कमी करायला असतो, बऱ्याचदा अ‍ॅनोडचंही, म्हणजे गंज स्वतःवर घेऊन बाकी धातू वाचवायचं, काम करतो. तो फिरवून नाक खाली येणार नाही. एका गृहस्थांनी तो दोन मोसम फिरवला होता.

उंची आणि प्रोपेलर

सरळ पट्टी बोटीच्या तळाला लावून मागे न्या. इंजिनाची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा एखादा इंच वर असली तर सुरुवातीला ठीक. फार खाली असेल तर पाय उगाच पाणी नांगरतो. फार वर असेल तर प्रोपेलर हवा ओढतो आणि इंजिन अचानक किंचाळतं.

प्रोपेलरची पाती वाकलेली, कडा खाल्लेल्या असतील तर आधी ती दुरुस्त करा. चार पात्यांचा प्रोपेलर साधारणपणे मागचा भाग जास्त उचलतो आणि कमी वेगाला प्लेन धरून ठेवतो, वरचा वेग थोडा गमावून. ओळखीच्या कुणाकडे योग्य मापाचा असेल तर एक दिवस उसना आणून लावून बघा. टॅबसाठी ट्रान्समला भोकं पाडण्यापेक्षा हा प्रयोग कधीही बरा, कारण तो मागे घेता येतो.

तळाची पट्टी-परीक्षा

बोट ट्रेलरवर असताना मागचा चार-पाच फूट तळ लांब सरळ पट्टीने तपासा. मध्ये पोकळी दिसली, म्हणजे तळाची मागची कड खाली वळलेली असेल, तर बोट मुळातच नाक दाबून चालेल. मध्ये फुगवटा असेल तर ती नाक वर करून नाचेल. ट्रेलरच्या आधाराच्या फळ्या ट्रान्समपर्यंत पोचत नसतील तर इंजिनाच्या वजनाने पहिला दोष हळूहळू तयार होतो. तळावर शेवाळ, शिंपले असतील तर आधी खरवडा आणि मगच निष्कर्ष काढा. मापताना तळ स्वच्छ हवा, नाही तर पट्टी शिंपल्यावर टेकते आणि तुम्हाला नसलेला फुगवटा सापडतो.

जुन्या बोटीत आणखी एक चोर असतो, डेकखालचा फोम. तो पाणी पितो आणि सोडत नाही. संशय असेल तर बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर चढवा, ट्रेलर, इंजिन, इंधन आणि सामान वजा करा, आणि बांधणाऱ्याने दिलेल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. मात्र त्या आकड्यात इंजिन धरलंय की नाही हे आधी पाहा. आउटबोर्ड बोटींत बऱ्याचदा धरलेलं नसतं.

टॅब आधीच असतील आणि चालत नसतील

धक्क्यावर उभी असताना एक जण स्विच दाबेल, दुसरा मागून बघेल. दोन्ही प्लेट पूर्ण खाली, पूर्ण वर, सारख्याच वेळात जातात का? एक अडखळत असेल तर आधी बिजागरीवरचे शिंपले काढा, मग वाकलेली प्लेट आणि सैल पिन बघा. दोन्ही मेल्या असतील तर फ्यूज.

विजेच्या अ‍ॅक्च्युएटरवर, म्हणजे प्लेट वर-खाली करणाऱ्या दांड्यावर, मल्टिमीटर लावताना स्विच दाबून ठेवा. भाराशिवाय घेतलेला आकडा खोटं धैर्य देतो. बॅटरीवरचा आणि अ‍ॅक्च्युएटरच्या जोडाजवळचा आकडा यांत व्होल्टभरापेक्षा जास्त फरक असेल तर जोड गंजलाय. जोड स्वच्छ, वीज पोचते, तरी हालचाल नाही, तर अ‍ॅक्च्युएटरमध्ये पाणी शिरलंय असं धरा. तो बहुतेक वेळा बदलावाच लागतो. हायड्रॉलिक असेल तर टाकीतलं तेल बघा, नळी कुठे चिमटलीय का बघा. कोणतं तेल घालायचं ते बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतून घ्या.

आणि हे जरूर तपासा: डावीकडची प्लेट खाली गेली की डावा मागचा भाग उचलला जातो आणि उजवं नाक दबतं. म्हणूनच बऱ्याच स्विचवर "उजवं नाक खाली" दाबलं की डावी प्लेट हलते. बसवणाऱ्याने हे "चुकीचं" समजून तारा सरळ केल्या असतील, तर तुम्ही मोसमभर झोक वाढवतच बसाल.

आता टॅब निवडू

इथवर येऊनही तक्रार शिल्लक असेल तर टॅब घ्या. टॅब म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला बिजागरीने लावलेली प्लेट. खाली झाली की पाणी खाली वळवते, आणि पाणी मागचा भाग वर ढकलतं. उचल प्लेटच्या क्षेत्रफळावर, कोनावर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) ठरते.

वेगाचा वर्ग म्हणजे काय ते आकड्यात बघा. प्लेनवर धावणाऱ्या बोटींचा हिशोब डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ मध्ये मांडला, आणि १९७६ मध्ये ब्राऊन यांच्यासोबत टॅबच्या उचलीचं सूत्र दिलं. त्या सूत्राने १८ इंच रुंद आणि ९ इंच खोल अशा दोन प्लेटचा अंदाज काढला, तर ५ अंश कोनात २० नॉटला साधारण अडीचशे किलोची उचल मिळते. तोच कोन, तीच प्लेट, १० नॉटला फक्त साठ-पासष्ट किलो. नाक वर अडकतं ते नेमकं याच कमी वेगाला. म्हणून लहान टॅब पूर्ण वेगाला पुरतात आणि गरज असते तिथे कमी पडतात.

यावरून माझा एकच नियम: जागेत बसतील तेवढे मोठे घ्या. मोठी प्लेट थोडी खाली केली की काम होतं. लहान प्लेट पूर्ण खाली करावी लागते, मग ती टॅब न राहता ब्रेक होते. सुरुवातीचं माप म्हणून बोटीच्या लांबीच्या दर फुटाला प्रत्येक बाजूला एक इंच रुंदी धरतात, खोली ९ इंच. १८ फुटी बोटीला दोन्हीकडे १८ बाय ९. ट्रान्समवर तेवढी रुंदी नसेल, किंवा बोट मुळातच संथ आणि जड असेल, तर १२ इंच खोल प्लेट. रुंदी वाढवायला जागा असेल तर आधी रुंदीच वाढवा. खोल प्लेट मागे जास्त निघते, बिजागरी आणि अ‍ॅक्च्युएटरवरचा ताण वाढवते.

जागा मोजताना बाहेरच्या कडेपासून तीन-चार इंच सोडा, आणि आउटबोर्डकडे निदान आठ इंच, नाही तर टॅबने ढवळलेलं पाणी थेट प्रोपेलरमध्ये जातं. इंजिन पूर्ण वळवून, पूर्ण वर उचलून बघा, कुठे लागत नाही ना. खोली मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे-मागे येऊ नका.

प्रकारांबद्दल. हायड्रॉलिकमध्ये पंप बोटीच्या आत असतो, पाण्यात वीज जात नाही, म्हणून खाऱ्या पाण्यात सतत उभ्या राहणाऱ्या बोटीला मला तो बरा वाटतो. विजेचे अ‍ॅक्च्युएटर बसवायला सोपे, तेल नाही, प्लेट किती खाली आहे हे दाखवणारा दर्शक जोडणं सोपं, पण मोटर पाण्यातच राहते. गॅसच्या दांड्यावर आपोआप चालणारे टॅब हलक्या बोटीला स्वस्त आणि चांगले. ते कमी वेगाला खाली असतात, वेग वाढला की पाण्याचा दाब त्यांना वर ढकलतो. मात्र चालवताना एकच बाजू हलवता येत नाही, म्हणून वाऱ्याचा झोक काढायला निरुपयोगी. इंटरसेप्टर म्हणजे ट्रान्समच्या कडेला उभी खाली सरकणारी पाती. ती फार चपळ असतात, पण शेवाळ-शिंपल्यांनी अडकतात आणि सरळ, सपाट कडा मागतात.

इंजिनाच्या आडव्या प्लेटवर लावायचे पंख मी टॅबच्या जागी धरत नाही. प्लेनवर यायला मदत होते हे खरं, पण झोक त्यांनी जात नाही.

इथे थांबा

ट्रान्समवर छोट्या हातोडीच्या दांड्याने टकटक करत जा. खणखणीत आवाजाच्या मध्ये एकदम बद्द आवाज आला, किंवा इंजिनाच्या बोल्टभोवती भेगा दिसल्या, तर एकही भोक पाडू नका. आतलं लाकूड कुजलं असेल तर टॅबचे स्क्रू त्यात धरणार नाहीत, आणि त्याच लाकडावर इंजिनही लटकलंय. बोट दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला बोलवा, आणि तोवर पाण्यात नेऊ नका.

तळात पोकळी किंवा फुगवटा सापडला, फोम भिजलेला निघाला, तळ पायरीसारखा कापलेला असेल, किंवा चाइन वॉकिंग होत असेल, तरी तेच. चाइन वॉकिंगच्या मागे सैल सुकाणू, इंजिनाचे ढिले बुश किंवा चुकीची उंची असू शकते. ते वेगात आजमावत बसण्याची गोष्ट नाही, बोट उलटते. बिल्जमध्ये पेट्रोलचा वास असेल तर मल्टिमीटर आणि ड्रिल दोन्ही बाजूला ठेवा.

पाण्याच्या रेषेखाली भोक पाडायचा हात बसलेला नसेल तर बसवण्याचं काम दुसऱ्याला द्या. यात कमीपणा नाही. मी टॅबची पहिली जोडी स्वतः बसवली तेव्हा बिजागरी तळाच्या अगदी कडेला लावली, आणि टॅब पूर्ण वर असतानाही थोडे खालीच राहिले. बिजागरी कडेपासून पाव इंचाच्या आसपास वर हवी असते. ती चारही भोकं भरून पुन्हा पाडावी लागली.

बसवल्यावर पहिली फेरी

टॅब पूर्ण वर ठेवून निघा. आधी इंजिनाचा पाय आत, मग टॅब थोडे खाली, प्लेन धरलं की टॅब वर आणि पाय हळूहळू बाहेर. झोक सगळ्यात शेवटी काढा, एका वेळी स्विचचा एकच छोटा टिचका, मग दोन-तीन सेकंद थांबा. बोटीला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि घाईने दाबत राहिलात तर ती दुसऱ्या कुशीवर जाते. वेगात असताना टॅब एकदम पूर्ण खाली करू नका. मागून लाटा येत असतील, किंवा लाटांसोबत खाडीच्या तोंडातून आत शिरत असाल, तर टॅब पूर्ण वर हवेत. दबलेलं नाक पुढच्या लाटेत रुततं आणि मागची लाट बोटीला आडवी फिरवते. रिव्हर्स घेतानाही वरच.

पहिले दहा तास चालल्यावर बोट बाहेर काढा, सगळे स्क्रू हाताने तपासा, आणि टॉर्च घेऊन ट्रान्समच्या आतल्या बाजूला बघा. स्क्रूच्या टोकाशी एक जरी थेंब दिसला, तर तो स्क्रू काढून, भोक सुकवून, पुन्हा सीलंट लावून बसवा.